संथ लयीत बसलेला पॅसेज वेगात नेमका तिथेच का मोडतो? पियानोच्या फिंगरिंगचे निदान आणि दुरुस्ती

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. एखादा पॅसेज, म्हणजे रचनेतला सलग तुकडा, मेट्रोनोमच्या (ठोके देणाऱ्या यंत्राच्या) ६० ला, म्हणजे मिनिटाला ६० ठोक्यांना, निर्दोष वाजतो, ८० ला तग धरतो आणि १०० च्या पुढे गेला की त्याच बारमध्ये (छापील संगीतातील दोन उभ्या रेषांमधल्या भागात), बहुधा त्याच स्वरावर अडखळतो. मग ती ओळ पुन्हा पुन्हा घोटली जाते, दोन दिवस बरी वाजते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी चूक पुन्हा हजर होते. एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश संगीत-परीक्षा संस्थांच्या पाचव्या-सहाव्या ग्रेडपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकाविना शिकणाऱ्या प्रौढांना हा अनुभव विशेष येतो, आणि सराव कमी पडला असे मानून ते स्वतःलाच दोष देत राहतात. माझ्या मते अशा चिवट चुकांपैकी बहुतेकींचे मूळ सरावात नसून फिंगरिंगमध्ये, म्हणजे कोणत्या स्वरावर कोणते बोट टाकायचे या निवडीत, असते. तेही ज्या स्वरावर चूक ऐकू येते तिथल्या फिंगरिंगमध्ये नव्हे, तर त्याच्या दोन-चार स्वर आधी घेतलेल्या निर्णयात असते.

असे होण्याचे कारण सोपे आहे. मेट्रोनोम ६० वर असताना एका ठोक्यात चार सेमीक्वेव्हर (पाव ठोक्याचे स्वर) वाजवायचे असतील, तर प्रत्येक स्वराला पाव सेकंद मिळतो. तेवढ्या वेळात हात उचलून दुसरीकडे ठेवता येतो, अंगठा सलग दोन पट्ट्यांवर वापरता येतो, करंगळी संपल्यावर पुन्हा करंगळीच टाकता येते. म्हणजे जवळजवळ कोणतेही फिंगरिंग चालून जाते. मेट्रोनोम १२० वर गेला की सेकंदाला आठ स्वर येतात, हाती उरलेला वेळ निम्मा होतो, आणि संथ लयीत ज्या फटी हाताच्या हालचालीने बुजवल्या जात होत्या त्या उघड्या पडतात. वाचता वाचता सुचले ते बोट, आणि पुढे तेच पक्के झाले, अशा रीतीने तयार झालेले फिंगरिंग म्हणूनच वेगाच्या परीक्षेत नापास होते.

मात्र फिंगरिंग बदलण्याआधी दोष खरोखर त्यातच आहे याची खात्री करून घ्यावी. त्यासाठी मोबाइल पियानोच्या वर, हात पूर्ण दिसेल असा ठेवावा, पॅसेज आपल्या नेहमीच्या वेगात चार-पाच वेळा वाजवून चित्रित करावा आणि मग ते चित्रण थांबवत थांबवत पाहून प्रत्येक वेळी कोणत्या स्वरावर कोणते बोट पडले ते कागदावर लिहावे. बहुतेकांना इथे धक्का बसतो, कारण आपण एकच फिंगरिंग वापरतो अशी ज्याची समजूत असते, त्याचा हात प्रत्यक्षात दोन वेगवेगळी फिंगरिंगे आलटून-पालटून वापरत असतो. अशा वेळी पन्नास आवर्तनांमधली निम्मी एका सवयीला आणि निम्मी दुसऱ्या सवयीला खतपाणी घालतात, आणि वेगात या दोन सवयी एकमेकींच्या पायात पाय घालतात. चित्रणात बोटे प्रत्येक वेळी तीच दिसली आणि तरीही पॅसेज मोडत असला, तर फिंगरिंग स्थिर आहे, पण चुकीचे आहे. बोटे तीच, चूक मात्र दर वेळी वेगळ्या स्वरावर, असे असेल तर स्वरच पाठ नाहीत किंवा मनगट आखडले आहे, असे समजून आधी तिकडे पाहावे.

वाद्याचाही संशय एकदा फेडून घ्यावा. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे लाकूड आणि पट्ट्यांखालचे फेल्ट फुगते, पट्ट्या जड होतात आणि दाबल्यावर सावकाश वर येतात. एकाच पट्टीवर होणारी चूक जून ते सप्टेंबर या काळातच होत असेल तर ट्यूनरला बोलवावे, बोटे बदलू नयेत. तसेच हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर बसवलेले फिंगरिंग खऱ्या पियानोवर कोलमडू शकते, कारण तिथे पट्टी सुमारे १० मिलिमीटर खाली जाते आणि तिच्यामागे हातोड्याचे वजन असते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. मोझार्टचा सी मेजर सोनाटा, के. ५४५, बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी येतो. पहिल्या भागात पाचव्या बारपासून उजव्या हाताला चार स्केली, म्हणजे क्रमाने चढत-उतरत जाणाऱ्या स्वरांच्या ओळी, येतात: पहिली ए पासून वरच्या ए पर्यंत जाऊन परत येते, दुसरी तशीच जी पासून, तिसरी एफ पासून, चौथी ई पासून. सगळ्या पट्ट्या पांढऱ्या आहेत, त्यामुळे वाचायला हा पॅसेज अगदी निरुपद्रवी वाटतो. (बोटांचे आकडे असे: अंगठा १, तर्जनी २, मधले बोट ३, अनामिका ४, करंगळी ५.) विद्यार्थी चढताना ए वर १, बी वर २, सी वर ३ वापरून अंगठा खालून डी वर आणतो, मग २, ३, ४ आणि वरच्या ए वर ५. इथवर काही बिघडत नाही. उतरताना जी ४, एफ ३, ई २, डी १ असे येऊन तो स्केलच्या सवयीप्रमाणे सी वर ३ टाकतो, त्यामुळे बी वर २ आणि शेवटच्या ए वर अंगठा येतो. पुढच्या बारची सुरुवात जी वर आहे, आणि ती स्केलही त्याला अंगठ्यानेच सुरू करायची आहे. म्हणजे एकाच अंगठ्याला ए सोडून शेजारच्या जी वर उडी मारावी लागते, तीही बारच्या पहिल्या ठोक्यावर. संथ लयीत ही उडी जाणवतही नाही. वेगात मात्र तिथे बारीकशी खोच पडते, जी वर नको तो जोर येतो, आणि विद्यार्थी ‘माझा जी नेहमी चुकतो’ म्हणून जी घोटत बसतो.

इलाज तीन स्वर मागे आहे. उतरताना डी वर अंगठा आला की सी वर ३ ऐवजी ४ टाकावे. मग बी वर ३, ए वर २ आणि पुढच्या बारच्या जी वर अंगठा आपोआप येतो. शिवाय पुढची स्केल जी १, ए २, बी ३ अशी सुरू होते, म्हणजे ज्या बोटांनी आत्ता उतरलो तीच बोटे त्याच पट्ट्यांवर आधीच ठेवलेली आहेत, आणि बार बदलताना हात तसूभरही हलत नाही. हीच रचना एफ आणि ई पासूनच्या स्केलींनाही जशीच्या तशी लागू होते. चारही बारमध्ये एकच निर्णय बदलला, ३ च्या जागी ४, आणि चारही खोचा नाहीशा झाल्या.

या उदाहरणातून निघणारी कामाची पद्धत अशी: फिंगरिंग पुढून मागे ठरवावे. आधी पुढच्या महत्त्वाच्या ठोक्यावर, म्हणजे बारच्या सुरुवातीला, वरच्या टोकाला किंवा उडीनंतरच्या पहिल्या स्वरावर कोणते बोट हवे ते निश्चित करावे, आणि तिथून उलट मोजत यावे. बहुतेक विद्यार्थी पहिल्या स्वरापासून पुढे जातात आणि बोटे संपली की हातात उरेल ते बोट वापरतात. मग पॅसेजचे शेवटचे तीन-चार स्वर, जे श्रोत्याला सर्वात जास्त ऐकू येतात, त्यांच्या वाट्याला सर्वात गैरसोयीची बोटे येतात.

दुसरी चाचणी गुच्छांची. एका हातस्थितीत जेवढे स्वर बोटांखाली येतात तेवढे सगळे एकत्र, कॉर्डसारखे दाबावेत, मग पुढच्या स्थितीवर जाऊन तिथले एकत्र दाबावेत. वरच्या पॅसेजमध्ये ए-बी-सी हा एक गुच्छ, डी पासून ए पर्यंतचे पाच स्वर हा दुसरा, आणि सी-बी-ए-जी हा तिसरा. पूर्ण वेगात हे गुच्छ एकामागून एक न अडखळता दाबता आले तर ते फिंगरिंग वेगाला टिकेल असे धरून चालायला हरकत नाही. एखाद्या गुच्छाकडे जाताना कोपर बाहेर फेकावे लागले किंवा मनगट वळवावे लागले, तर दोष त्या सांध्यावर आहे. ही चाचणी पहिल्याच दिवशी, स्वर नीट पाठ होण्याआधी करता येते, हा तिचा मोठा फायदा आहे.

एक वेगळी तक्रार अशी असते की दोन्ही हात स्वतंत्रपणे उत्तम वाजतात आणि एकत्र आले की कोसळतात. अशा वेळी दोन हातांचे अंगठे केव्हा पडतात ते तपासावे. सी मेजर स्केल दोन्ही हातांनी चढताना उजवा अंगठा सी आणि एफ वर पडतो, तर डावा अंगठा जी आणि सी वर. म्हणजे हातांची वळणे वेगवेगळ्या क्षणी येतात आणि मेंदूला दोन हिशेब एकाच वेळी ठेवावे लागतात. बी मेजरमध्ये मात्र दोन्ही अंगठे बी आणि ई वर एकदमच पडतात, कारण पाच काळ्या पट्ट्या लांब बोटांनी व्यापल्या जातात आणि अंगठ्याला दोनच पांढऱ्या पट्ट्या उरतात. संगीतकार शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना सी मेजर आधी शिकवत नसे. ही स्केल वाचायला सर्वात सोपी पण हाताला सर्वात अवघड आहे, असे त्याचे मत होते, आणि तो बी मेजरपासून सुरुवात करून देत असे. आपल्याकडे आजही पहिल्या महिन्यात सी मेजर आणि चौथ्या वर्षी बी मेजर हाच क्रम चालतो, याचे मला आश्चर्य वाटते. दोन हातांच्या पॅसेजमध्ये शक्य असेल तिथे अंगठ्यांची वळणे एकाच ठोक्यावर आणावीत, त्यासाठी एका हाताचे फिंगरिंग थोडे कमी सोयीचे करावे लागले तरी चालेल.

छापील आकड्यांविषयी. ज्या प्रतीवरून वाजवतो तिथले आकडे म्हणजे संगीतकाराची आज्ञा, अशी अनेकांची समजूत असते. काही ठिकाणी ते खरे आहे, पण बहुतेक आकडे संपादकाचे असतात आणि ते त्याच्या हाताच्या मापाने दिलेले असतात. शिवाय आयएमएसएलपी सारख्या, जुन्या स्वरलिपी मोफत देणाऱ्या संकेतस्थळावरून जुन्या ब्रिटिश आवृत्त्या उतरवून घेणाऱ्यांनी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी: त्यांपैकी काहींमध्ये अंगठ्यासाठी अधिकचे किंवा फुलीसारखे चिन्ह असते आणि १ म्हणजे तर्जनी, ४ म्हणजे करंगळी. अशा प्रतीतील आकडे आजच्या पद्धतीने वाचले की सगळी बोटे एका घराने सरकतात आणि फिंगरिंग वेड्यासारखे दिसते. पानावर कुठेही ५ दिसत नसेल आणि मधूनच फुल्या दिसत असतील, तर हेच कारण समजावे.

इतिहासाकडे पाहिले तरी एकच योग्य फिंगरिंग असते हा समज टिकत नाही. योहान सेबास्टियन बाखने १७२० मध्ये आपल्या थोरल्या मुलासाठी सुरू केलेल्या वहीत एक छोटी रचना आहे, जिच्यात उजव्या हाताची स्केल ३-४-३-४ अशी, अनामिकेवरून मधले बोट नेत वाजवायची आहे. अंगठ्याला तिथे कामच नाही. त्याचाच दुसरा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याने १७५३ च्या आपल्या ग्रंथात अंगठ्याला मुख्य बोटाचा मान दिला. देब्युसीने तर १९१५ मध्ये लिहिलेल्या आपल्या बारा एट्यूडमध्ये (सरावासाठीच्या रचनांमध्ये) फिंगरिंग मुद्दाम दिलेच नाही आणि प्रत्येकाने आपले आपण शोधावे, असे प्रस्तावनेत सुचवले, कारण एकच फिंगरिंग वेगवेगळ्या हातांना बसणे शक्य नाही. आजच्या पियानोवर एक सप्तक साधारण १६५ मिलिमीटर रुंद असते, आणि हे माप लहान हाताच्या स्त्रियांना आणि मुलांना तेवढेच लागू होते जेवढे रुंद पंजाच्या पुरुषाला. योसेफ हॉफमान हा विख्यात पियानोवादक हाताने लहान होता आणि स्टाइनवेने त्याच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले होते. ती सोय आपल्याला नाही. तेव्हा संपादकाने जिथे ५ वरून १ वर ताण दिला आहे तिथे तो ताण मोडून हात सरकवण्याचा हक्क तरी आपण बजावावा. ताणलेला हात वेगात सर्वात आधी थकतो, आणि दुखू लागला तर ते फिंगरिंग त्याच दिवशी रद्द करावे.

अंगठा काळ्या पट्टीवर टाकू नये, हा नियम लहानपणी शिकवला जातो आणि स्केलपुरता तो बरोबरही आहे. पण अवघड पॅसेजमध्ये तो आंधळेपणाने पाळल्याने जेवढे नुकसान होते तेवढे तो मोडल्याने होत नाही. शोपँच्या ओपस १० मधल्या पाचव्या एट्यूडमध्ये उजवा हात जवळजवळ सर्वस्वी काळ्या पट्ट्यांवर फिरतो आणि अंगठाही तिथेच वावरतो. एकच आकृती वेगवेगळ्या स्वरांवरून पुन्हा पुन्हा येत असेल तर मी बहुधा सगळीकडे एकच फिंगरिंग ठेवण्याचा सल्ला देतो, मग मधूनच अंगठा काळ्या पट्टीवर आला तरी बेहत्तर. कारण वेगात हाताला एक आकृती लक्षात ठेवणे सोपे जाते, चार अपवाद लक्षात ठेवणे जड जाते. अट एवढीच की अंगठा काळ्या पट्टीवर येण्याआधी पूर्ण हात पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, झाकणाकडे सरकलेला असावा. हात बाहेरच ठेवून नुसता अंगठा लांब केला की मनगट वाकते, आणि मग दोष फिंगरिंगवर ढकलला जातो.

पेटीवरून पियानोकडे आलेल्यांमध्ये याच्या उलट अडचण दिसते. पेटीवर एक हात भात्यावर असतो आणि पट्ट्या हलक्या असतात, त्यामुळे तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांच्यावर भिस्त ठेवून, अंगठा खालून न नेता, हात उचलून जागा बदलण्याची सवय अनेकांना लागलेली असते. त्यांच्या बाबतीत पॅसेजचे फिंगरिंग बदलण्याआधी अंगठा खालून नेण्याचा वेगळा सराव काही आठवडे करावा लागतो. नाहीतर कागदावरचे उत्तम फिंगरिंगही हातात उतरत नाही.

अनामिका दुबळी आहे ही तक्रार मात्र कधीही संपत नाही. तिला उचलणारी कंडरा हाताच्या पाठीवर शेजारच्या बोटांच्या कंडरांशी आडव्या पट्ट्यांनी जोडलेली असते, त्यामुळे शेजारची बोटे दाबून ठेवली तर ती स्वतंत्रपणे फारशी उचलली जात नाही, आणि ही शरीररचना कितीही व्यायामाने बदलत नाही. म्हणून जोर हवा असलेला एकाकी स्वर ४ वर ठेवू नये, आणि ३-४-३-४ असे लांब ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची जलद आलटापालट) शक्य असल्यास २-३ किंवा १-३ वर न्यावे. पण याचा अर्थ अनामिकेला टाळत राहावे असा नाही. शोपँच्या ओपस १० मधल्या दुसऱ्या एट्यूडमध्ये उजव्या हाताची क्रोमॅटिक (सगळ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून जाणारी) स्केल फक्त ३, ४ आणि ५ या बोटांनी वाजवायची असते, कारण अंगठा आणि तर्जनी खाली छोट्या कॉर्डमध्ये गुंतलेली असतात. शोपँने स्वतः तिथे जवळजवळ प्रत्येक स्वरावर आकडा लिहिला आहे. लांब बोट आखूड बोटावरून नेण्याची, म्हणजे ३ किंवा ४ ला ५ वरून पुढे टाकण्याची ही जुनी युक्ती एरवीही कामाला येते, विशेषतः एकाच हातात वरचा स्वर लेगाटो, म्हणजे जोडलेला, ठेवून खालचे स्वर वाजवायचे असतील तेव्हा.

एकाच पट्टीवर जलद येणारे स्वर हे वेगळे प्रकरण आहे. तिथे ३-२-१ किंवा ४-३-२-१ असे बोट बदलत जावे, कारण बोट पट्टीवरून बाजूला झाले की पट्टीला वर यायला वाव मिळतो. तरीही स्वर गळत असतील आणि वाद्य उभा पियानो असेल, तर मर्यादा यंत्रणेची आहे. ग्रँड पियानोत पट्टी पूर्ण वर न येताच पुन्हा वाजू शकते, ती सोय देणारी यंत्रणा सेबास्टियन एरारने १८२१ मध्ये पेटंट केली; उभ्या पियानोत पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. तिथे वेग थोडा कमी करणे हाच प्रामाणिक उपाय. थर्ड्सच्या, म्हणजे मधला एक स्वर सोडून एकत्र वाजणाऱ्या दोन स्वरांच्या जोड्यांच्या, पॅसेजमध्ये दोन्ही स्वर लेगाटो ठेवण्याचा हट्ट सोडावा. चढताना वरचा आणि उतरताना खालचा स्वर जोडलेला राहिला की कानाला पुरते.

काही पॅसेज हात वाटून घेतल्याने सुटतात: एका हाताचे दोन-तीन स्वर दुसऱ्या रिकाम्या हाताला द्यायचे. श्रोत्याला फरक कळत नसेल तर यात काही गैर नाही. मात्र बेथोव्हेनच्या ओपस १०६ च्या सुरुवातीला डाव्या हाताची जी मोठी उडी आहे, ती दोन हातांत वाटली की स्वर बिनचूक लागतात आणि उडीतला धोका नाहीसा होतो; तो धोकाही संगीताचा भाग आहे असे मला वाटते. परीक्षेत सुरक्षितता हवी असेल तर वाटावी, पण आपण काय सोडले याची जाणीव ठेवून.

नवे फिंगरिंग ठरल्यावर जुने पुसणे हे खरे कष्टाचे काम असते. पानावरचे जुने आकडे, छापील असले तरी, खोडून टाकावेत. डोळ्यांना ३ दिसत असताना हात ४ टाकेल ही अपेक्षा फोल आहे. नवे आकडे प्रत्येक स्वरावर लिहू नयेत, फक्त जिथे हात जागा बदलतो तिथे लिहावेत. मोझार्टच्या त्या चारपैकी पहिल्या बारला डी वरचा १ आणि सी वरचा ४ एवढे पुरते. पहिल्या काही दिवसांत पूर्ण पॅसेज वाजवूच नये; बदललेल्या सांध्याच्या दोन स्वर आधीपासून दोन स्वर नंतरपर्यंतचा तुकडा आधी संथ, मग लगेच पूर्ण वेगात, आणि पुन्हा संथ असा घ्यावा. मधल्या वेगांची शिडी चढत राहिल्याने इथे वेळ जातो, कारण संथ आणि जलद लयीत हाताची हालचालच वेगळी असते. तुकडा पक्का झाला की तो मागच्या बारला जोडावा, पुढच्या बारला नंतर. कार्यक्रम किंवा परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल तर मात्र फिंगरिंगला हात लावू नये. दडपणाखाली हात जुन्या सवयीकडे वळतो आणि दोन्ही फिंगरिंगांची सरमिसळ होते. अशा वेळी जुनेच ठेवून वेग चार-सहा अंकांनी उतरवावा, आणि दुरुस्ती परीक्षेनंतर हाती घ्यावी.